खानदेशच्या आकाशातील बिनतारी सेवा

विमानवाहतुकीतील बिनतारी सेवा म्हणजे वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांचे संभाषण, एवढीच कल्पना सर्वसाधारणपणे रूढ असली, तरी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या व्यवस्थेत या सेवेचे चार भाग मानलेले आहेत. जमिनीवरच्या दोन ठिकाणांमध्ये संदेशांची देवाणघेवाण करणारी ती स्थिर सेवा, विमान आणि जमीन किंवा विमान आणि विमान यांना जोडणारी ती चल सेवा, विमानाला दिशा व अंतर यांचे ज्ञान करून देणारी ती मार्गदर्शन सेवा, आणि हवामानासारखी माहिती ठरावीक वेळी सर्वांसाठी प्रसारित करणारी ती प्रसारण सेवा. प्रवाशाला यांपैकी एकही दिसत नाही आणि या सेवेत काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे किंवा संदेशचालकाचे नावही कोणाला ठाऊक नसते. तथापि विमान उडण्यापूर्वीपासून ते उतरून थांबेपर्यंतचा प्रत्येक निर्णय या चारांपैकी कोणत्या ना कोणत्या सेवेवर आधारलेला असतो. प्रस्तुत लेखकाचा सेवाकाळ प्रथम मोठ्या केंद्रांवर आणि नंतर खानदेशातील छोट्या धावपट्ट्यांच्या सहवासात गेला, आणि या कामाचे मर्म मोठ्या केंद्रांपेक्षा छोट्या ठिकाणीच अधिक स्पष्टपणे कळते, हे त्या काळाचे फलित आहे.

खानदेशची रचना बिनतारी लहरींच्या दृष्टीने सरळ नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेले तापीचे खोरे, अशा या पट्ट्यात विमानांचा वावर असलेल्या तीन जागा आहेत. जळगावची धावपट्टी १९७३ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधली, पुढे ती नगरपालिकेकडे आणि नंतर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने तिचे नूतनीकरण केल्यावर मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले. धुळ्याजवळ गोंदूर येथे आणि शिरपूरजवळ तांडे येथे ज्या धावपट्ट्या आहेत, त्यांवर नियमित प्रवासी सेवा नाही, परंतु वैमानिक-प्रशिक्षणामुळे तेथे लहान विमानांची ये-जा असते. हा सगळा प्रदेश मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात मोडतो. म्हणजे खोऱ्यावरून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारे जेट विमान मुंबईच्या क्षेत्र-नियंत्रणाशी बोलत असते, तर त्याच वेळी केळीच्या बागांवरून हजार-दोन हजार फुटांवर घिरट्या घालणारे प्रशिक्षण विमान गोंदूरच्या किंवा जळगावच्या रेडिओशी बोलत असते. दोघे एकाच आकाशात असतात, परंतु त्यांची श्रवणकक्षा मात्र सर्वस्वी वेगळी असते.

या फरकाचे कारण अतिउच्च वारंवारतेच्या, म्हणजे व्हीएचएफ लहरींच्या स्वभावात आहे. नागरी विमानांचे बहुतेक संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि या लहरी जवळजवळ सरळ रेषेत प्रवास करतात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर फारशा वळत नाहीत आणि डोंगराला ओलांडून पलीकडे उतरत नाहीत. विमानाच्या फुटांतील उंचीच्या वर्गमुळाला १.२३ ने गुणले की जमिनीवरच्या केंद्राला ते किती सागरी मैलांवरून ऐकू येईल याचा अंदाज मिळतो, असा एक व्यवहारी हिशेब या क्षेत्रात सर्वांना तोंडपाठ असतो. त्यानुसार ३५,००० फुटांवरचे विमान सुमारे २३० सागरी मैलांवरून, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते, परंतु १,००० फुटांवरचे विमान ३९ सागरी मैलांनंतर क्षितिजाआड जाते, आणि मध्ये सातपुड्याची सोंड आली तर त्याच्याही कितीतरी आधी. उंचावरच्या विमानांसाठी ही मर्यादा ओलांडण्याकरता दूरदूर ठेवलेली, मुख्य केंद्रातून चालवली जाणारी प्रक्षेपक-ग्राहक केंद्रे असतात. मुंबईत बसलेला नियंत्रक ज्या विमानाशी बोलतो, त्याच्यापर्यंत त्याचा आवाज अशाच एखाद्या दूरस्थ केंद्राच्या अँटेनातून गेलेला असतो. खोऱ्यात खाली उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाच्या वाट्याला ही सोय क्वचितच येते.

त्यामुळे चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याजवळ गेलेले प्रशिक्षण विमान काही काळ उत्तर देईनासे होणे, हा येथील नित्याचा अनुभव आहे. नव्याने आलेला संदेशचालक अशा वेळी एक तर लगेच घाबरतो किंवा, दोन-चारदा तेच घडल्यावर, अगदीच निर्धास्त होतो, आणि या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच धोकादायक आहेत. अनुभवी चालक प्रथम घड्याळ पाहतो, शेवटच्या संदेशाची वेळ व त्यातील स्थान नोंदवहीत लिहून ठेवतो, मग त्याच भागात उंचावर असलेल्या दुसऱ्या विमानाला निरोप पोहोचवण्याची विनंती करतो, कारण डोंगराआडचे विमान जमिनीला ऐकू येत नसले तरी आकाशातल्या सहकाऱ्याला बहुधा ऐकू येते. अपेक्षित संदेशाची वेळ उलटून तीस मिनिटे गेली तरी संपर्क न झाल्यास अनिश्चिततेची अवस्था, पुढील चौकशीतूनही काही न कळल्यास सावधतेची आणि शेवटी संकटाची अवस्था, असा क्रम आंतरराष्ट्रीय नियमांनी घालून दिलेला आहे. उतरण्याची परवानगी मिळालेले विमान अपेक्षित वेळेनंतर पाच मिनिटांत उतरले नाही आणि त्याच्याशी बोलणेही होत नसेल, तर मात्र थेट सावधतेची अवस्था जाहीर करावी लागते. हे नियम कागदावर रुक्ष वाटतात, परंतु माणसाच्या भीतीला आणि निष्काळजीपणाला एकाच वेळी लगाम घालण्याचे काम तेच करतात, हे पाळीवर बसल्याशिवाय उमगत नाही.

नागरी विमानांच्या रेडिओत आजही ध्वनीनुसार लहरीचा आयाम बदलणारी जुनी पद्धत, म्हणजे एएम, वापरली जाते. आकाशवाणीच्या एफएम वाहिनीचा स्वच्छ आवाज ऐकलेला विद्यार्थी हमखास विचारतो की विमानात अजून ही खरखरीची पद्धत का, आणि याचे उत्तर या सेवेच्या तत्त्वज्ञानाशी निगडित आहे. एफएममध्ये दोन जण एकदम बोलले तर प्रबळ संदेश दुर्बळ संदेशाला पूर्णपणे गिळून टाकतो आणि ऐकणाऱ्याला दुसरे कोणी बोलले होते याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये मात्र दोन लहरींच्या संघर्षातून एक कर्कश शिट्टी निघते आणि कोणाचे तरी बोलणे दडपले गेले, एवढे तरी सर्वांना कळते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफ येथे दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा धुक्यात धावपट्टीवरून संथपणे चाललेल्या विमानाचा ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ या अर्थाचा संदेश आणि मनोऱ्याचा थांबण्याचा संदेश हे एकाच क्षणी उच्चारले गेल्याने दुसऱ्या विमानाच्या कक्षात शिट्टीत मिसळून गेले होते. शिट्टी ऐकू आली होती. तिच्या मागे काय बुडाले याची विचारणा मात्र झाली नाही. पुढे ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, अन्यत्र ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला.

बोलणे दडपले जाण्याचा खानदेशातील नमुना यापेक्षा पुष्कळच साधा, परंतु तितकाच बोधप्रद असतो. शिकाऊ वैमानिकाच्या हातातील बोलण्याचे बटण अडकून दाबलेलेच राहिले, तर त्याचा प्रक्षेपक अखंड चालू राहतो आणि ती संपूर्ण वारंवारता सर्वांसाठी बंद पडते. त्या विमानातील प्रशिक्षकाचे विद्यार्थ्यावरील रागावणेही मग सगळ्या खोऱ्याला ऐकू येते, आणि स्वतः त्या दोघांना मात्र आपले काही बिघडले आहे याची जाणीव नसते. अशा प्रसंगी इतर विमानांनी पर्यायी वारंवारतेवर जावे अशी पूर्वसूचना प्रत्येक उड्डाणापूर्वीच दिलेली असावी लागते, कारण ऐन वेळी ती देण्यासाठी वारंवारताच मोकळी नसते. अडकलेल्या विमानाला मनोऱ्यावरून दिव्याने खूण करतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या व घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. परीक्षेपुरते पाठ करून विसरले जाणारे हे दिव्यांचे संकेत ज्याने एकदा प्रत्यक्ष वापरताना पाहिले, तो जुन्या साधनांना कालबाह्य म्हणण्याचे धाडस पुन्हा करत नाही.

तंत्रज्ञाच्या दृष्टीने सर्वांत मोठा धडा मात्र एका वेगळ्याच प्रसंगातून मिळाला. रेडिओच्या ग्राहकयंत्रात ‘स्क्वेल्च’ नावाची एक योजना असते. संदेश नसताना येणारी खरखर ती बंद ठेवते आणि ठरावीक पातळीपेक्षा प्रबळ लहर आली की मगच ध्वनिक्षेपक उघडते. उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या शिडकाव्याच्या सुमारास, उच्चदाब वीजवाहिन्यांच्या धुळीने माखलेल्या इन्सुलेटरांवर ठिणग्या उडू लागतात आणि त्यांची खरखर एएम रेडिओत स्पष्ट ऐकू येते. एका केंद्रावर या आवाजाला कंटाळलेल्या कर्मचाऱ्यांच्या आग्रहावरून स्क्वेल्चची पातळी चढवण्यात आली, खोली शांत झाली, आणि सर्वांनी समाधान मानले. त्यानंतरच्या काही दिवसांत डोंगराच्या बाजूला जाणारे विद्यार्थी वेळेवर संदेशच देत नाहीत अशी तक्रार सुरू झाली, त्यांना समज दिली गेली, आणि ते मात्र आपण बोललो होतो असेच सांगत राहिले. अखेर ग्राहकयंत्राची संवेदनशीलता मोजून पाहिली तेव्हा उघड झाले की दुर्बळ संदेश यंत्रापर्यंत येत होते, परंतु दार बंद असल्याने ते खोलीत शिरत नव्हते. दूरच्या क्षीण आवाजाला ऐकायचे असेल तर काही खरखर सोसलीच पाहिजे आणि शांत खोली हा संपर्क चांगला असल्याचा पुरावा नव्हे, हा विचार तेव्हापासून कायमचा रुजला. रेडिओकडे बोलण्याचे साधन म्हणून पाहण्याची सवय तेथे सुटली. ही मुख्यतः ऐकण्याची व्यवस्था आहे, आणि तिची परीक्षा सर्वांत दुर्बळ संदेश ऐकू येतो की नाही यावरच घ्यायची असते.

ऐकलेले खरे आहे की नाही, हे तपासण्याची पद्धत म्हणजे ‘रीडबॅक’: नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ते परत म्हणणे लक्ष देऊन ऐकायचे. यातील दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे, कारण माणसाचा कान जे अपेक्षित असते तेच ऐकतो. खानदेशात याचे उत्तम उदाहरण हवेच्या दाबाच्या आकड्यात सापडते. समुद्रसपाटीला रूपांतरित केलेल्या स्थानिक दाबाला क्यूएनएच म्हणतात आणि तो आकडा उंचीमापकावर लावल्यावरच विमानाची समुद्रसपाटीपासूनची उंची बरोबर दिसते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा येथील दाब उतरलेला असतो, तो १००३ असताना एखाद्या विद्यार्थ्याने सवयीने १०१३ म्हटले आणि नियंत्रकानेही ते तसेच जाऊ दिले, तर दर हेक्टोपास्कलला सुमारे अठ्ठावीस फूट या हिशेबाने विमान दाखवल्यापेक्षा पावणेतीनशे फूट खाली असते. धावपट्टीजवळ तेवढी उंची पुरेशी असते किंवा नसते. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी, त्यांचे वेगवेगळे इंग्रजी उच्चार आणि स्थानिक कर्मचाऱ्यांच्या बोलीतील अहिराणी वळण यांच्या मिश्रणात आकडे एकेक करून उच्चारण्याचा, ‘नाइन’ऐवजी ‘नायनर’ म्हणण्याचा आणि १९५६ पासून वापरात असलेल्या अल्फा-ब्राव्हो-चार्ली या अक्षरमालेचा आग्रह कृत्रिम राहत नाही, तो निकडीचा ठरतो.

भाषेच्या या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत भारताने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे मोजली, जेथे सौदी आणि कझाकस्तानची दोन विमाने आकाशात आदळून ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहण्यास सांगितलेले असताना ते त्याहून खाली आले होते, आणि त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा संदेशचालक एक, तर विमान चालवणारे दुसरे, अशी विभागणी होती. ज्याने सूचना ऐकली त्याच्या हाती विमान नव्हते आणि ज्यांच्या हाती विमान होते त्यांना ती सूचना नीट समजली होती की नाही, याची खातरजमा झाली नाही. त्यानंतर भारतात टक्करविरोधी यंत्रणेची सक्ती झाली, दिल्लीत दुय्यम रडार कार्यान्वित झाले, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले, आणि पुढे वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजी प्रावीण्याची किमान पातळी आंतरराष्ट्रीय स्तरावर बंधनकारक झाली. वर्गात हा प्रसंग सांगताना असे लक्षात येते की विद्यार्थी टक्करविरोधी यंत्रणेविषयी प्रश्न विचारतात, परंतु सूचना ऐकणाऱ्या आणि ती अमलात आणणाऱ्या माणसांमधल्या अंतराविषयी फारसे विचारत नाहीत, जरी त्यांच्या पुढील आयुष्यात रोज भेटणारा धोका तोच असला तरी.

मोठ्या केंद्रांवरील जुन्या दिवसांत उच्च वारंवारतेच्या, म्हणजे एचएफ लहरींवरचे काम हा स्वतंत्र संस्कार होता. तीन ते तीस मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, म्हणून अरबी समुद्रावरच्या विमानांशी मुंबईचे संभाषण याच पट्ट्यात चाले, आणि आजही उपग्रहाद्वारे मजकूर पाठवण्याची सोय झाल्यानंतर ते राखीव साधन म्हणून टिकून आहे. दिवसा वरची वारंवारता चालते, सूर्य मावळला की तो थर बदलतो आणि खालच्या वारंवारतेवर उतरावे लागते. पावसाळी विजांच्या कडकडाटात तर एकेक आकडा तीन-तीन वेळा विचारून घ्यावा लागे. स्थिर सेवेचे स्वरूप याहून वेगळे होते. तेथे मॉर्सच्या टिकटिकीनंतर टेलिप्रिंटर आले, छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्या एका यंत्रातून फाडून दुसऱ्यात लावण्याचे दिवस आले, आणि त्यानंतर संगणकाधारित संदेशप्रणाली आली. प्रत्येक संदेशाला दोन अक्षरी अग्रक्रम आणि प्रत्येक ठिकाणाला अक्षरांचा संकेत, ही शिस्त मात्र टिकून राहिली: संकटाच्या संदेशाला एसएस, तातडीच्या संदेशाला डीडी, उड्डाणसुरक्षेच्या संदेशाला एफएफ, हवामानासारख्या संदेशांना जीजी आणि प्रशासकीय पत्रव्यवहाराला केके. जळगावचा संकेत व्हीएजेएल असा आहे. कोणाचा संदेश आधी जाईल हे पाठवणाऱ्याच्या हुद्द्यावर न ठरता मजकुराच्या निकडीवर ठरते, अशी व्यवस्था सरकारी कारभारात इतरत्र फारशी आढळत नाही, आणि वरिष्ठांच्या बदलीच्या आदेशापूर्वी एखाद्या अनोळखी वैमानिकाच्या उड्डाणसुरक्षेचा संदेश पुढे जाताना पाहणे हे नव्या कर्मचाऱ्यासाठी लोकशाहीचे एक छोटे शिक्षणच असे.

लष्करी विमानांचे दळणवळण याच पायावर उभे असले तरी त्याचे प्रयोजन उलट दिशेने जाते. नागरी वैमानिकाला आपले बोलणे आसपासच्या सर्वांना ऐकू जावे असे वाटते, कारण त्यातूनच इतरांना त्याचे स्थान कळते. लष्करी वैमानिकाला ते शत्रूला ऐकू जाऊ नये असे हवे असते. म्हणून लष्करी विमाने २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या यूएचएफ पट्ट्याचा मोठा वापर करतात, त्यांच्या रेडिओत संदेश गुप्त करण्याची आणि सेकंदात अनेकदा वारंवारता बदलण्याची सोय असते, आणि शक्य तेथे बोलण्याऐवजी आकडेवारी पाठवली जाते. भारतीय हवाई दलाने १४ सप्टेंबर २०१० रोजी एएफनेट हे आपले अंकीय जाळे कार्यान्वित केले, तेव्हा वातावरणाच्या खालच्या थरात विखुरणाऱ्या लहरींवर चालणारी, १९५० च्या दशकातील तंत्रावर आधारलेली जुनी संदेशव्यवस्था मागे पडली. आपले विमान कोणते आणि परके कोणते हे ओळखण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात निघालेल्या यंत्रणेचाच नागरी वारस म्हणजे आजचा ट्रान्सपॉन्डर होय: रडारने १,०३० मेगाहर्ट्झवर विचारलेल्या प्रश्नाला तो १,०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, आणि वैमानिकाने त्यात ७६०० हा आकडा लावला की आपला रेडिओ बंद पडल्याचे, ७७०० लावला की आपण संकटात असल्याचे तो शब्दाविना सांगतो.

खानदेशातील शिकाऊ वैमानिकाची लष्करी व्यवस्थेशी गाठ पहिल्यांदा पडते ती एका क्रमांकाच्या रूपाने. गोंदूर किंवा तांडे येथून दूरच्या फेरीवर निघण्यापूर्वी उड्डाण माहिती केंद्राचा आणि हवाई संरक्षण मंजुरीचा असे दोन क्रमांक मिळवावे लागतात, कारण देशाच्या आकाशात फिरणाऱ्या प्रत्येक ठिपक्याचा हिशेब हवाई दलाला हवा असतो. नाशिकच्या बाजूला गेल्यास हे अधिक जाणवते. ओझरचा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, तेथेच हवाई दलाचे दुरुस्ती केंद्र, आणि जवळच लष्कराच्या वैमानिकांचे प्रशिक्षण विद्यालय, त्यामुळे सुखोई, हेलिकॉप्टर आणि दोन आसनी प्रशिक्षण विमान यांना एकाच परिसरात सामावून घ्यावे लागते. सकाळची थंड, स्थिर हवा निघून जाईल म्हणून अधीर झालेला प्रशिक्षक आणि क्रमांक येईपर्यंत इंजिन सुरू करू न देणारा कर्मचारी यांची कुरबुर हे अशा धावपट्ट्यांवरचे नेहमीचे दृश्य असते. त्या कुरबुरीत नियमाच्या बाजूने उभे राहणे अप्रिय असते, परंतु एखाद्या दिवशी विमान वेळेवर परतत नाही तेव्हा शोधाची सुरुवात त्याच क्रमांकाखाली नोंदलेल्या मार्गावरून होते. आणि अशा वेळी नागरी व लष्करी हा भेदही उरत नाही: १२१.५ मेगाहर्ट्झ ही नागरी आपत्कालीन वारंवारता आणि तिच्या बरोबर दुप्पट असलेली २४३ मेगाहर्ट्झ ही लष्करी, या दोन्हींवर ऐकणाऱ्याने गणवेश विचारायचा नसतो.

यंत्रांची निगा हा या सेवेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. खानदेशात तो प्रामुख्याने ऊन, वीज आणि काळी माती यांच्याशी चाललेला व्यवहार असतो. उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडले की प्रक्षेपकाची शक्ती स्वतःहून कमी होते. मान्सूनपूर्व वादळात उंच अँटेनाचा खांब हे विजेचे पहिले लक्ष्य असते. आणि तिला जमिनीत वाट करून देणारे अर्थिंग काळ्या मातीवर अवलंबून असते, जी पावसाळ्यात फुगून गजाला घट्ट धरते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळून त्याला सोडून देते. म्हणजे वीज पडण्याचा मोसम सुरू होतो नेमका तेव्हा अर्थिंग सर्वांत दुबळे असते. अर्थिंगचा रोध पावसाळ्यानंतर मोजून समाधान मानणारी केंद्रे आणि तो मे महिन्यात मोजून खड्ड्यात पाणी सोडणारी केंद्रे यांच्या जळालेल्या यंत्रांच्या संख्येत फरक पडतो. मुख्य संच चालू असताना राखीव संचावर आठवड्यातून ठरावीक काळ प्रत्यक्ष काम करणे, जनरेटर भाराविना नव्हे तर पूर्ण भारासह चालवून पाहणे, संभाषणांचे ध्वनिमुद्रण नुसते होते आहे एवढे न पाहता ते ऐकू येण्याजोगे आहे का हे तपासणे, ही कामे कोणी वाखाणत नाही. तीस दिवस जपून ठेवायचे ते ध्वनिमुद्रण मागितले जाते ते बहुधा काही विपरीत घडल्यावरच.

असा विपरीत प्रसंग खानदेशाने १६ जुलै २०२१ रोजी पाहिला. चोपडा तालुक्यातील वर्डी परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक प्रशिक्षण विमान कोसळले, त्यात प्रशिक्षक मृत्युमुखी पडले आणि प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. त्या दुर्गम जागी प्रथम पोहोचले ते आसपासचे आदिवासी ग्रामस्थ, आणि जखमी तरुणीला त्यांनी कापडाची झोळी करून चिखलवाटेने खाली आणले. विमानातील आपत्कालीन प्रक्षेपक आघाताने चालू होऊन ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश देतो, भारतात असे संदेश बंगळुरूच्या केंद्राकडे येतात, आणि १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झ ऐकत नसल्याने जुने प्रक्षेपक शोधासाठी फारसे उपयोगी राहिलेले नाहीत. हे सगळे तांत्रिक ज्ञान आवश्यक आहे. परंतु उपग्रहाने जागा दाखवली तरी तेथे चालत जाणारी माणसे शेवटी गावातलीच असतात. दळणवळणाच्या आराखड्यात तालुक्याचे पोलीस ठाणे, वनखात्याचे नाके, पोलीस पाटील आणि पाड्यांवरील संपर्क यांना अँटेनाइतकेच स्थान असले पाहिजे आणि ती यादी दर पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष फोन लावून तपासली पाहिजे, हा या घटनेचा अर्थ बिनतारी सेवेतील प्रत्येकाने लावून घ्यावा.

जळगावचे आकाश आता पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली, मध्ये ती खंडित झाली, एप्रिल २०२४ पासून गोवा आणि हैदराबाद यांच्याशी नव्याने जोडणी झाली, आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक-प्रशिक्षणासाठी निवडलेल्या देशातील पाच विमानतळांमध्ये जळगावचा समावेश झाल्यापासून एकाच वारंवारतेवर प्रवासी विमानाचा व्यावसायिक वैमानिक आणि पहिल्यांदा एकटा उडणारा विद्यार्थी हे शेजारी-शेजारी बोलू लागले आहेत. गगन या भारतीय उपग्रह-साहाय्यित मार्गदर्शन प्रणालीमुळे जमिनीवरच्या महागड्या यंत्रांविनाही छोट्या धावपट्ट्यांवर अचूकपणे उतरण्याची शक्यता निर्माण झाली आहे, आणि जेथे लेखी संदेश पोहोचू शकतो तेथे तोंडी संभाषण कमी होत जाणार आहे. तथापि धावपट्टीभोवतीच्या घिरटीत, जेथे निर्णयाला काही सेकंदच मिळतात, तेथे माणसाचा आवाज आणि माणसाचा कान यांना पर्याय अद्याप सापडलेला नाही.

म्हणूनच या क्षेत्राकडे वळणाऱ्या खानदेशातील तरुणांना आणि त्यांना शिकवणाऱ्या संस्थांना एवढेच सांगणे उचित ठरेल की बिनतारी संभाषणाच्या परवान्याची परीक्षा ठरावीक वाक्ये घोकून उत्तीर्ण होता येते, परंतु त्या परवान्याला पात्र होण्यासाठी बोलण्याच्या सरावाच्या कितीतरी पट वेळ मनोऱ्यावर बसून केवळ ऐकण्यात घालवावा लागतो. प्रत्येक प्रशिक्षण धावपट्टीवर, ती कितीही लहान असली तरी, संभाषणाचे ध्वनिमुद्रण असावे, दर आठवड्याला त्यातील काही भाग विद्यार्थी, प्रशिक्षक, संदेशचालक आणि तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून ऐकावा, आणि काय बोलले गेले याबरोबरच काय ऐकले गेले नाही याचीही नोंद करावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, निधीही जवळजवळ लागत नाही. आणि खानदेशच्या तिन्ही धावपट्ट्यांवर हे येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करता येण्यासारखे आहे.